भेदरलेले डोळे आणि पक्की आठवण: प्रत्यक्षदर्शी स्मृतीच्या अभ्यासाचा इतिहास



मागच्या व्याख्यानात आपण हर्मान एबिंगहाउसपाशी थांबलो होतो. १८८५ साली त्याने निरर्थक शब्दखंड पाठ करून, ते किती वेगाने विसरतात हे स्वतःवरच मोजलं, आणि विस्मरणाचा आलेख काढला. शब्दखंड निरर्थक का घेतले? तर त्यांच्याशी कुठलीही भावना जोडलेली नसावी म्हणून. म्हणजे स्मृतीच्या शास्त्राची सुरुवातच भावनेला दाराबाहेर उभं करून झाली. आज आपण तिला आत घेणार आहोत.

आपल्या बोलण्यात या बाबतीत दोन अगदी उलट गोष्टी सुखाने नांदतात. एखादा अपघात पाहिलेला माणूस म्हणतो, "ते दृश्य अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं आहे." आणि त्याच अपघाताबद्दल दुसरा म्हणतो, "इतका घाबरलो की डोळ्यांसमोर अंधारी आली, काही दिसलंच नाही." दोघंही खोटं बोलत नाहीत. पण ट्रकचा रंग कोणता होता, असं पोलिसांनी विचारलं तर कुणाचं ऐकायचं? हा प्रश्न गप्पांपुरता असता तर आपण इथे जमलो नसतो. यावर माणसं तुरुंगात गेली आहेत.

सुरुवात बर्लिनपासून करू. विसाव्या शतकाची पहिली एक-दोन वर्षं. फ्रान्झ फोन लिस्ट हे गुन्हेगारी कायद्याचे नामांकित प्राध्यापक. त्यांच्या वर्गात एका पुस्तकावर चर्चा चालली होती. एक विद्यार्थी मध्येच उठून ख्रिस्ती नीतीच्या बाजूने काही बोलला, दुसऱ्याने त्याला तोडलं, शब्दाला शब्द वाढला, आणि पहिल्याने रिव्हॉल्व्हर काढलं. प्राध्यापक मध्ये पडले, झटापटीत बार उडाला, वर्गात एकच गोंधळ. मग लिस्ट यांनी सगळ्यांना शांत केलं आणि सांगितलं की हे नाटक होतं, ठरवून बसवलेलं. आता जे पाहिलं ते लिहून द्या.

काहींनी लगेच लिहिलं, काहींनी नंतर. ज्याच्या चुका सर्वांत कमी, त्याच्यासुद्धा २६ टक्के चुका होत्या. सर्वांत जास्त, ८० टक्के. गप्प बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी लोकांनी वाक्यं घातली, न घडलेल्या हालचाली लिहिल्या, आणि घडलेल्या महत्त्वाच्या गोष्टी गाळून टाकल्या. आपल्या विषयासाठी सगळ्यांत मोलाची नोंद मात्र पुढची आहे. प्रसंगाचा दुसरा भाग, म्हणजे पिस्तूल निघाल्यानंतरचा, जास्त थरारक होता. त्या भागाच्या वर्णनात सरासरी १५ टक्के चुका अधिक निघाल्या. भावना वाढली आणि तपशील ढासळला, हे आकड्यात मांडण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. (आज कुठल्याही विद्यापीठाची नीतिसमिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि न दिलेलीच बरी.)

ही हकीकत जगभर पोचवली ती ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी. मूळचे जर्मन, हार्वर्डमध्ये प्राध्यापक. १९०८ साली त्यांचं 'ऑन द विटनेस स्टँड' हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी स्वतःची फजितीही सांगितली आहे. ते सुट्टीवर असताना घरी चोरी झाली. न्यायालयात त्यांनी शपथेवर जे सांगितलं त्यातलं बरंच चुकीचं निघालं. चोरांनी घड्याळ वेष्टनाच्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं असं ते म्हणाले. प्रत्यक्षात ते टेबलावरच्या कापडात गुंडाळलेलं होतं. स्मृतीच्या अभ्यासात मुरलेल्या माणसाची ही गत, तर इतरांचं काय, असा त्यांचा सवाल होता.

वकीलवर्गाला हे रुचलं नाही. रुचण्यासारखं ते लिहिलेलंही नव्हतं. मानसशास्त्राकडे वकील ढुंकून पाहत नाहीत, असा सूर पुस्तकभर आहे. पुरावा कायद्यावरचे अमेरिकेतले सर्वांत मोठे जाणकार जॉन हेन्री विगमोर यांनी १९०९ साली त्यांची जाहीर खिल्ली उडवली. त्यांनी एक काल्पनिक खटलाच लिहिला. वकिलांनी म्युन्स्टरबर्गवर बदनामीचा दावा लावलाय आणि उलटतपासणीत प्राध्यापकसाहेबांची दाणादाण उडते आहे, अशी कल्पना. टिंगल बाजूला ठेवली तर विगमोर यांचा मुद्दा बिनतोड होता: न्यायालयात रोज वापरता येईल अशी, तावूनसुलाखून निघालेली पद्धत तुमच्याजवळ आहे कुठे? ती नव्हती. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षं हा विषय जवळजवळ अडगळीत पडला.

आता दुसरा धागा पाहू. हा बर्लिनच्याही आधीचा आहे, आणि बरोबर उलट दिशेने जाणारा. १८९९ साली एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह या अमेरिकन अभ्यासकाने १७९ वयस्क माणसांना एक प्रश्न विचारला: अब्राहम लिंकन यांची हत्या झाल्याचं कळलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? हत्या १८६५ची, म्हणजे तेहेतीस-चौतीस वर्षं उलटून गेलेली. तरी १२७ जणांनी बारीकसारीक तपशिलासह उत्तर दिलं. कोण शेतात होतं, कोण स्वयंपाकघरात, बातमी कोणी आणली, त्याचा चेहरा कसा होता. कोलग्रोव्ह प्रभावित झाले. पण ही उत्तरं खरी आहेत का, हे तपासायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं, आणि त्या काळी कुणाला तशी गरजही वाटली नाही. माणूस इतक्या ठामपणे सांगतोय म्हणजे खरंच असणार!

हाच धागा १९७७ मध्ये हार्वर्डच्या रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी उचलला. या वेळी केनेडी यांची १९६३ची हत्या. चाळीस गोरे आणि चाळीस कृष्णवर्णीय अमेरिकन, अशा ८० जणांना त्यांनी वेगवेगळ्या घटनांबद्दल विचारलं. केनेडींच्या बाबतीत एक सोडून सगळ्यांनी आपण कुठे होतो, काय करत होतो हे चित्रासारखं सांगितलं. ब्राउन आणि कुलिक यांनी या आठवणींना नाव दिलं 'फ्लॅशबल्ब मेमरी'. जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा आणि समोरचं सगळं, हवं-नको ते, फोटोत उतरावं, तसं. धक्का मोठा असला की मेंदू जणू छपाईचा हुकूम सोडतो, अशी त्यांची मांडणी होती.

त्या अभ्यासातली एक बाजू हल्ली फारशी सांगितली जात नाही, ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी झगझगीत आठवण कृष्णवर्णीयांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना होती. गोऱ्यांपैकी एक-तृतीयांश लोकांना. बातमी एकच, देश एकच, दूरदर्शन संच सारखेच. फरक होता तो ही घटना आपल्या आयुष्याला किती भिडते याचा. समोर काय घडतंय यावर भावना ठरत नाही, ते आपल्याला काय आहे यावर ठरते. हे पुढे लागेल, लक्षात ठेवा.

फ्लॅशबल्बची कल्पना लोकांना फार आवडली. खटकली ती उलरिक नायसर यांना. नायसर हे संज्ञानात्मक मानसशास्त्राचे एक संस्थापकच म्हणा ना. १९६७चं त्याच नावाचं पुस्तक त्यांचं. त्यांना स्वतःची एक आठवण वर्षानुवर्षं खात्रीची वाटत आली होती. ७ डिसेंबर १९४१, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तो दिवस. ते लहान होते, घरी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होते आणि सामना थांबवून बातमी दिली गेली. आणि मग एके दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की अमेरिकेत डिसेंबरमध्ये बेसबॉल खेळतच नाहीत! १९८२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. गंमत इथे संपत नाही. १९८६ साली दोन संशोधकांनी दाखवून दिलं की त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये खरोखरच एका सामन्याचं प्रक्षेपण बातमीसाठी थांबवलं होतं. पण तो फुटबॉलचा होता: जायंट्स विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. जायंट्स आणि डॉजर्स ही नावं बेसबॉलच्या संघांचीही होती आणि मैदानही बेसबॉलचंच होतं. म्हणजे आठवण पूर्ण खोटी नव्हती, पूर्ण खरीही नव्हती. प्रसंगाचा गाभा टिकला आणि कडेचा तपशील शेजारच्या खणातून उचलून बसवला गेला.

पण एका माणसाच्या किश्श्यावरून सिद्धांत होत नसतो. संधी आली २८ जानेवारी १९८६ला. चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात अंतराळवीर गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात नायसर आणि निकोल हार्श यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. बातमी कशी कळली, कुठे होता, सोबत कोण होतं. आपल्याकडे गुन्ह्याच्या जागी पंचनामा करतात ना, तसाच हा आठवणींचा पंचनामा. कोलग्रोव्हकडे आणि ब्राउन-कुलिककडे नव्हता तो हाच कागद.

अडीच वर्षांनी त्यातले ४४ जण पुन्हा सापडले. त्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. सातपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ३च्याही किंचित खाली. ११ जणांना शून्य: एकही मुख्य तपशील जुळला नाही. पैकीच्या पैकी फक्त तिघांना. आता खात्री किती होती ते पाहा: पाचपैकी सरासरी ४.१७. वर्गात मित्राकडून बातमी ऐकलेले विद्यार्थी आता सांगत होते की आपण ती टीव्हीवर पाहिली. सुरुवातीला सुमारे २१ टक्क्यांनी टीव्ही म्हटलं होतं, अडीच वर्षांनी ४५ टक्क्यांनी. मग त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला. कुणालाही "अरे हो, आठवलं!" झालं नाही. काही जण म्हणाले, अक्षर माझंच आहे, पण मला आठवतं ते असं नाही. मूळ आठवण झाकली गेली नव्हती; ती उरलीच नव्हती.

२००१च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्यूक विद्यापीठात जेनिफर तालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या, एक हल्ल्याची बातमी कळल्याची आणि दुसरी त्याच सुमाराच्या एखाद्या साध्या प्रसंगाची. पुढे काहींना आठवड्याने, काहींना सहा आठवड्यांनी, काहींना ३२ आठवड्यांनी पुन्हा विचारलं. तपशील निसटण्याचा वेग दोन्ही आठवणींचा सारखाच निघाला. साध्या आठवणीबाबत मात्र माणसं हळूहळू सावध होत गेली, आणि हल्ल्याच्या आठवणीवरचा विश्वास ढळला नाही. भावनेने अचूकपणा टिकवला नव्हता, खात्री टिकवली होती.

आतापर्यंत आपण बातमी कळल्याच्या आठवणींबद्दल बोललो. आता खुद्द दृश्याकडे वळू, म्हणजे जे डोळ्यांनी समोर पाहिलं त्याच्याकडे.

१९५९ मध्ये जे. ए. ईस्टरब्रुक यांनी एक साधी कल्पना मांडली होती. भावना जसजशी चढते तसतसा लक्षाचा घेर आकुंचन पावतो. बॅटरीचा झोत पसरट असतो तेव्हा खोलीभर अंधूक दिसतं. तो एकवटला की एक ठिकाण लख्ख उजळतं आणि बाकी खोली काळोखात जाते. ही कल्पना खरी असेल, तर आपले सुरुवातीचे दोघंही साक्षीदार बरोबर आहेत. एकाला आपण मधलं विचारलं, दुसऱ्याला कडेचं.

एलिझाबेथ लॉफ्टस यांनी हे तपासायला घेतलं. १९८२ मध्ये त्यांनी आणि टेरेन्स बर्न्स यांनी बँकेवरच्या दरोड्याची एक फिल्म लोकांना दाखवली. एका आवृत्तीत पळणारा दरोडेखोर मागे वळून गोळी झाडतो आणि ती वाहनतळावर खेळणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर लागते. दुसऱ्या आवृत्तीत हा प्रकार नाही. मुलाच्या जर्सीवर १७ हा आकडा होता आणि तो दोन्ही आवृत्त्यांत, गोळीच्या आधी, सारखाच दिसत होता. हिंसा नसलेली फिल्म पाहिलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांना आकडा आठवला. गोळी पाहिलेल्यांपैकी फक्त चारेक टक्क्यांना. धक्का बसण्याच्या आधी पाहिलेलंसुद्धा धक्क्याने पुसलं गेलं होतं.

१९८७चा प्रयोग आणखी नेमका. एका खाद्यगृहाच्या गल्ल्यापाशी एक गिऱ्हाईक येतं. काही प्रेक्षकांना दिसतं की तो चेक पुढे करतोय. बाकीच्यांना, की पिस्तूल रोखतोय. उरलेल्या स्लाइड त्याच. प्रेक्षकांची नजर कुठे किती वेळ ठरते हे यंत्राने टिपलं. पिस्तुलावर नजर जास्त वेळा गेली आणि जास्त वेळ रेंगाळली. धरणाऱ्याची ओळख कच्ची राहिली. याला 'शस्त्रावर खिळलेली नजर' म्हणू. नळीचं तोंड कायमचं लक्षात राहतं, पण पोलिसांना हवा असतो चेहरा.

यावर शंका येते की हे भावनेमुळे झालं की विचित्रपणामुळे? खाद्यगृहात पिस्तूल ही अनपेक्षित गोष्ट आहे, नजर तिकडे जाणारच. स्टॉकहोमचे स्वेन-ऑके क्रिश्चनसन आणि लॉफ्टस यांनी १९९१ मध्ये याचं उत्तर शोधलं. एक बाई, एक सायकल, दूरवर एक मोटार. पहिल्या गटाला ती सायकल चालवताना दिसते. दुसऱ्याला ती रस्त्यावर पडलेली, डोक्यातून रक्त येतंय, शेजारी सायकल. तिसऱ्याला ती सायकल खांद्यावर घेऊन चाललेली दिसते. विचित्र खरं, पण भीतीदायक नाही. नंतर विचारलं, बाईच्या कोटाचा रंग कोणता आणि मागच्या मोटारीचा कोणता? रक्त पाहिलेल्या गटाला कोटाचा रंग सर्वांत चांगला आठवला आणि मोटारीचा कमी. खांद्यावरच्या सायकलीने कोटाची आठवण सुधारली नाही. म्हणजे नुसता विचित्रपणा पुरत नाही, भावनेचा वाटा वेगळा काढून दाखवता येतो. तिसरा गट घेण्याची ही साधी युक्ती आम्हाला या सबंध इतिहासातली सर्वांत हुशार चाल वाटते.

इथेच प्रकरण मिटलं असतं तर बरं झालं असतं. पण १९९० मध्ये फ्रेडरिका ह्यूअर आणि डॅनियल राइसबर्ग यांना काहीसं वेगळंच आढळलं होतं. त्यांनी एक मुलगा आणि त्याची आई वडिलांना कामाच्या ठिकाणी भेटायला जातात, अशी चित्रमालिका दाखवली. साध्या गोष्टीत वडील मोटार दुरुस्त करतात, दुसरीत ते शल्यचिकित्सक आहेत आणि शस्त्रक्रिया चालू आहे. दोन आठवड्यांनी विचारलं तर शस्त्रक्रिया पाहिलेल्यांना मधलेही आणि कडेचेही तपशील जास्त आठवले. मग कडेचं पुसलं जातं हे खरं कसं? एक फरक उघड आहे. इथे प्रेक्षक गोष्टीत गुंतले होते, मुलाचं पुढे काय होणार याची काळजी करत होते. तिथे एक भडक वस्तू नजर ओढून घेत होती. आणि मध्ये दोन आठवडे गेले होते. ताबडतोब विचारणं आणि दिवसांनी विचारणं यात फरक पडतो, कारण आठवण पक्की व्हायला वेळ लागतो.

ती पक्की कशी होते, याचं उत्तर जेम्स मॅकगॉ आणि लॅरी काहिल यांनी कॅलिफोर्नियात दिलं. मुलगा-आई-वडील ही गोष्ट त्यांनी थोडी बदलून वापरली. चित्रं दोन्ही गटांना तीच, निवेदन वेगळं. एकात मुलाला भीषण अपघात होतो, तुटलेले पाय डॉक्टर पुन्हा जोडतात. दुसऱ्यात तो रुग्णालयात चाललेला आपत्कालीन सराव नुसता पाहतो, जखमा रंगवलेल्या असतात. १९९४च्या प्रयोगात काहींना तासभर आधी प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली. रक्तदाबासाठी आपल्याकडेही मिळते तीच. अ‍ॅड्रेनलिन आणि त्याच्या भाईबंदांचा परिणाम ती अडवते. आठवड्याने पाहिलं तर साध्या गोष्टीची आठवण गोळीने बिघडली नव्हती. अपघाताच्या गोष्टीला मिळणारी जादाची उजळणी मात्र गेली होती. पुढच्याच वर्षी एक रुग्ण तपासला गेला. एका दुर्मीळ आजाराने त्याच्या मेंदूतला अमिग्डाला, हा बदामाएवढा भाग, दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता. गोष्टीतला भीषण भाग भीषण आहे हे त्याला कळत होतं, पण इतरांना तो भाग जास्त आठवतो तसा त्याला आठवत नव्हता.

झोपेचाही यात हात आहे. २००८ मध्ये जेसिका पेन, एलिझाबेथ केन्सिंजर आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावर उभी मोटार आणि रस्त्यावर चेंदामेंदा झालेली मोटार अशी दृश्यं दाखवली. बारा तासांनी चाचणी. मधला वेळ काहींचा जागेपणी गेला, काहींचा रात्रीच्या झोपेत. झोपलेल्यांना चेपलेली मोटार चांगली आठवली, तिच्यामागचा रस्ता नाही. निवड पाहतानाच सुरू होते आणि झोपेत चालूच राहते.

प्रयोगशाळेतल्या स्लाइड पाहून खरी भीती वाटते का, असा आक्षेप तुम्ही घ्याल, घेतलाच पाहिजे. कॅनडात व्हँकूव्हरजवळ एका बंदुकीच्या दुकानावर दरोडा पडला. भररस्त्यात चोराने दुकानदारावर गोळ्या झाडल्या, दुकानदाराने उलट झाडल्या, चोर ठार झाला. जॉन युइल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी त्यातल्या १३ साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी पुन्हा भेटून विचारलं. निष्कर्ष १९८६ला आले. तपशील बऱ्याच अंशी अचूक होते, आणि दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांना ते बळी पडले नाहीत. ज्यांनी आपण फार हादरलो असं सांगितलं तेच जास्त अचूक निघाले. म्युन्स्टरबर्गच्या बाजूचे लोक गडबडले. पण जरा बारकाईने पाहिलं तर जास्त हादरलेले तेच होते जे जास्त जवळ उभे होते.

उलट बाजूला अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ठेवा, चार्ल्स मॉर्गन यांचा, २००४चा. युद्धकैदी झाल्यावर कसं टिकायचं याच्या प्रशिक्षणात सैनिकांची खरीखुरी वाटावी अशी चौकशी होते. एकदा दांडगाईची, एकदा सौम्य. चौकशी करणारा चाळीसेक मिनिटं समोर बसलेला. एका दिवसाने रांगेत उभ्या माणसांतून त्याला ओळखायचं. सौम्य चौकशी करणाऱ्याला ६२ टक्क्यांनी बरोबर ओळखलं, दांडगाई करणाऱ्याला ३० टक्क्यांनी. ही धडधाकट, तयारीची माणसं होती.

आणि प्रयोग नसलेली एक घटना. १९८४, नॉर्थ कॅरोलायना राज्य. एका विद्यार्थिनीवर रात्री घरात घुसून बलात्कार झाला. (तिने पुढे स्वतःचं नाव जाहीर केलं आहे, पण आपल्याला इथे त्याची गरज नाही.) ती त्या अवस्थेतही त्या माणसाचा चेहरा निरखत होती, जगले तर याला पकडून देईन म्हणून. फोटोंतून आणि मग रांगेतून तिने रोनाल्ड कॉटन याला ओळखलं. तिची खात्री पाहून पंचांना शंका उरली नाही. १९९५ साली डीएनए तपासणीत गुन्हेगार दुसराच निघाला. कॉटन दहा वर्षांहून जास्त काळ आत होता. मधल्या काळात खरा गुन्हेगार न्यायालयात तिच्यासमोर आणला गेला होता आणि तिने त्याला कधी पाहिल्याचंही आठवत नाही म्हणून सांगितलं होतं. तिच्या मनात तोवर कॉटनचाच चेहरा बसला होता. अमेरिकेत डीएनएमुळे सुटलेल्या निरपराध्यांच्या ज्या खटल्यांचा पाठपुरावा इनोसन्स प्रोजेक्टने केला, त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश खटल्यांत प्रत्यक्षदर्शींची चुकीची ओळख होती.

आपल्याकडे या टप्प्यावर येते ओळख परेड. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ९चा तिला आधार होता. आता भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम ७मध्ये आहे. आरोपीला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या डमींमध्ये उभं करतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे की न्यायालयात पटवलेली ओळख हाच खरा पुरावा, परेड हा त्याला दुजोरा. कायद्याच्या अंगाने हे समजण्यासारखं आहे, साक्ष न्यायाधीशासमोरच व्हायला हवी. स्मृतीच्या अंगाने मात्र क्रम नेमका उलटा लागतो. न्यायालयात साक्ष होते ती कित्येक वर्षांनी, तेव्हा आरोपी पिंजऱ्यात एकटा उभा असतो आणि साक्षीदाराने त्याला परेडमध्ये आधी पाहिलेलं असतं. परेडला उशीर झाला तर न्यायालयं तिच्याकडे संशयाने पाहतात, ते योग्यच आहे. साक्षीदाराला पहिल्याच ओळखीच्या वेळी किती खात्री होती, हे त्याच्याच शब्दांत त्याच क्षणी लिहून ठेवायला हवं, असं आमचं मत आहे. नंतरची खात्री कशी वाढत जाते ते आपण चॅलेंजरच्या विद्यार्थ्यांत पाहिलं.

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी एक इथे घेतो: हे सगळं भीतीचं झालं, आनंदाच्या प्रसंगांचं काय?

यावर एक छान अभ्यास आहे. २००४ साली बेसबॉलमध्ये बॉस्टनच्या रेड सॉक्सने न्यूयॉर्कच्या यांकीजना हरवून अशक्य वाटणारी मालिका जिंकली. केन्सिंजर आणि डॅनियल शॅक्टर यांनी दोन्हीकडच्या चाहत्यांना लगेच आणि काही महिन्यांनी पुन्हा त्या सामन्याबद्दल विचारलं. जिंकलेल्यांच्या आठवणीत विसंगती जास्त होत्या आणि खात्रीही जास्त होती. हरलेल्यांनी तपशील बरे सांभाळले होते. दुःख माणसाला बारकाईने पाहायला लावतं आणि आनंद घाऊक पाहायला, असा एक अंदाज त्यावरून बांधतात.

आपल्याकडे करून पाहायचं तर २ एप्रिल २०११, वानखेडे. धोनीचा शेवटचा षटकार सगळ्यांना दिसतो. बॅट फिरवून तो चेंडूकडे बघत राहिला तेही. दुसऱ्या टोकाला कोण होतं, गोलंदाज कोण होता? युवराज आणि कुलशेखर. पुष्कळांना सांगता येईल, पण ते त्या रात्रीचं आठवतंय म्हणून की तो षटकार त्यानंतर शेकडो वेळा दाखवला गेला म्हणून, हे आता वेगळं काढता येणार नाही. त्याऐवजी तुम्ही तो कुणाच्या घरी पाहिलात, खोलीत कोणकोण होतं, हे लिहा. आणि त्या वेळी बरोबर असलेल्या माणसाला वेगळ्या कागदावर लिहायला सांगा. कागद आम्हाला पाठवलेत तर पुढच्या व्याख्यानात शेजारी ठेवून पाहू.